दैवाचा हवाला न घेणारा माणूस

शनिवारी सकाळी गांधीबागेतील कापडाच्या पेठेत फेरी मारली, तर दुकानांच्या शटरवर ताज्या लिंबू-मिरच्या लटकताना दिसतात. खाली हमालांच्या डोक्यांवरून गठ्ठे जात असतात आणि गुमास्ते हिशेबाच्या वह्या उघडत असतात. कष्ट आणि नशीब यांची ही शेजारधर्माची व्यवस्था जुनीच आहे. दिवसभर राबायचे आणि यशाचे श्रेय वरच्याला द्यायचे. बुडालो तर ग्रहांना दोष द्यायचा. इतवारी, बुधवारी, शुक्रवारी अशी वारांची नावे अंगावर घेऊन वाढलेल्या या शहरात वार आणि मुहूर्त यांच्याशी वैर धरण्याचे कारण कोणाला सहसा पडत नाही.

मात्र याच विदर्भात, नागपूरपासून सुमारे अडीचशे किलोमीटरवरील अकोल्यात, सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी एक गरीब विद्यार्थी शिकून गेला. वरच्याचे श्रेय आणि ग्रहांचा दोष हे दोन्ही त्याने पुढे आपल्या हिशेबातून काढून टाकले. देव आहे की नाही हे माणसाला कळू शकत नाही, परलोकाचा पुरावा नाही, समाज आपोआप सुधारतो या समजालाही आधार नाही, असे मानूनही माणसाने सरळ आणि उपयोगी कसे जगावे, या प्रश्नाचे उत्तर त्याने स्वतःच्या आयुष्याने दिले. त्याचे नाव गोपाळ गणेश आगरकर. शाळेच्या पुस्तकात 'थोर समाजसुधारक' एवढ्या दोन शब्दांत त्यांची बोळवण होते. प्रत्यक्षात आगरकर हा मराठी मनाला न सुटलेला एक पेच आहे.

उमेदवारी आणि पायपीट

आगरकरांचा जन्म १४ जुलै १८५६ रोजी सातारा जिल्ह्यातील कऱ्हाडजवळच्या टेंभू या खेड्यात झाला. त्याच जुलै महिन्यात कलकत्त्यात हिंदू विधवांच्या पुनर्विवाहाला मान्यता देणारा कायदा मंजूर झाला. हा निव्वळ योगायोग. पंचांग पाहणाऱ्याने त्यात ग्रहांचा संकेत शोधला असता. आगरकरांनी मात्र असल्या जुळणीला आयुष्यभर योगायोगापलीकडे किंमत दिली नसती.

घरची परिस्थिती हलाखीची होती. कऱ्हाडला आजोळी राहून त्यांनी प्राथमिक शिक्षण घेतले. पुढे शिकण्याची ऐपत नव्हती, म्हणून कोवळ्या वयातच मामलेदार कचेरीत उमेदवारी करावी लागली. दवाखान्यात कंपाउंडरचे कामही त्यांनी केले. इंग्रजी शिकण्याच्या ओढीने ते रत्नागिरीपर्यंत चालत गेले. पण तिथेही जेवणाखाण्याची सोय लागली नाही आणि परतावे लागले. अशा मुलाच्या बाबतीत गावाने काय म्हटले असेल, याचा अंदाज आजही करता येतो. कपाळी विद्या नाही, हे वाक्य त्या काळी कोणत्याही गरीब घरात सहज उच्चारले जात असे. घराच्या दारिद्र्याला पूर्वजन्मीचे कारण चिकटवले की मग शाळेची फी कोण भरणार हा प्रश्नच उरत नाही. दैवाच्या कल्पनेचा हा सामाजिक उपयोग आगरकरांनी पुस्तकात वाचण्याच्या आधी अंगावर सोसला होता.

अखेर नातेवाइकांच्या आश्रयाने ते वऱ्हाडात, अकोल्याला आले. मुंबईहून निघालेली रेल्वे वऱ्हाडातून १८६७मध्ये नागपूरपर्यंत पोहोचली होती. कापसाच्या व्यापाराने अकोला भरभराटीला येत होते. तेथील शाळेत त्यांना विष्णु मोरेश्वर महाजनी यांच्यासारखे शिक्षक लाभले. महाजनी स्वतः लेखक होते. शेक्सपिअरच्या 'सिंबेलाइन' या नाटकावरून त्यांनी पुढे 'तारा' हे मराठी नाटक लिहिले. या गुरूंनी बुद्धी हेरली आणि धीर दिला. शिकत असतानाच आगरकरांनी 'वऱ्हाड समाचार' या पत्रासाठी लेखन केले. म्हणजे महाराष्ट्राला हादरवणाऱ्या त्या लेखणीला पहिली धार वऱ्हाडात लागली, असे म्हणायला हरकत नाही. १८७५मध्ये ते मॅट्रिक झाले आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात दाखल झाले.

एक सदरा आणि मिल-स्पेन्सर

डेक्कन कॉलेजातील आगरकरांची गोष्ट अनेकांना ठाऊक असते. अंगात घालायला एकच सदरा. तो रात्री धुवून वाळत टाकायचा आणि सकाळी पुन्हा घालायचा. वर्तमानपत्रांत लेख लिहून आणि वक्तृत्वाची बक्षिसे मिळवून फीची सोय करायची. त्यातच दम्याचा विकार जडलेला. १८७७मध्ये त्यांचा यशोदाबाईंशी विवाह झाला. १८७८मध्ये ते बी. ए. झाले आणि पुढे इतिहास व तत्त्वज्ञान या विषयांत एम. ए.चा अभ्यास त्यांनी सुरू केला.

याच काळात त्यांच्या हाती जॉन स्टुअर्ट मिल आणि हर्बर्ट स्पेन्सर हे दोन इंग्रज विचारवंत आले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे दोघे हिंदुस्थानातील कॉलेजांतून तरुणांची डोकी फिरवीत होते. मिलने व्यक्तीचे स्वातंत्र्य आणि स्त्रियांची गुलामगिरी यांवर लिहिले होते. स्पेन्सरने १८६२च्या आपल्या ग्रंथात विश्वाच्या मुळाशी असलेले तत्त्व माणसाच्या बुद्धीला कधीच कळणार नाही, असे प्रतिपादन केले होते. १८६९मध्ये हक्स्ली या इंग्रज वैज्ञानिकाने या भूमिकेला एक नाव दिले. मराठीत त्यालाच आपण अज्ञेयवाद म्हणतो. देव आहे असेही म्हणायचे नाही आणि नाही असेही ठासून सांगायचे नाही. जे कळत नाही ते कळत नाही म्हणायचे आणि त्यावर पूजाअर्चेचे इमले चढवायचे नाहीत.

ही भूमिका आपल्याकडे अगदीच परकी नव्हती. परलोक आणि यज्ञ यांची थट्टा करणारा चार्वाक इथलाच. जगाला आदि-अंत आहे का, यासारख्या प्रश्नांवर मौन धरणारा बुद्धही इथलाच. परंतु चार्वाकाचे ग्रंथ उरले नाहीत आणि बुद्ध आपण मूर्तीत बसवला. आगरकरांनी इंग्रजी पुस्तकांच्या वाटेने ही विस्मरणात गेलेली सवय पुन्हा मराठीत आणली.

एम. ए.च्या परीक्षेच्या सुमारास त्यांनी आईला लिहिलेले पत्र मराठी समाजाच्या आठवणीत कायमचे राहिले आहे. मुलगा मोठ्या परीक्षा देतो आहे, आता मोठ्या पगाराची नोकरी लागेल, या आशेवर माउली होती. पोटापुरत्या पैशावर संतोष मानून आपण सगळा वेळ लोकांच्या हितासाठी खर्च करणार आहोत, असे मुलाने तिला आधीच कळवून टाकले. एरवी अशा त्यागाच्या मागे मोक्षाची किंवा पुण्याची अपेक्षा असते. आगरकरांच्या हिशेबात पुण्याचे खातेच नव्हते. परलोकात परतफेड होईल असे न मानता त्यांनी इहलोकातील मिळकत सोडली. त्यांच्या नास्तिक्यावर तोंडसुख घेणाऱ्यांना या पत्राचे उत्तर कधी देता आले नाही.

तुरुंग आणि हॅम्लेट

डेक्कन कॉलेजात आगरकरांना बाळ गंगाधर टिळक हे मित्र मिळाले. १८८०मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक आणि नामजोशी यांनी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल काढले आणि एम. ए. होताच आगरकर त्यांना येऊन मिळाले. जानेवारी १८८१मध्ये 'केसरी' आणि 'मराठा' ही पत्रे निघाली. 'केसरी'चे पहिले संपादक आगरकर होते, ही गोष्ट आज बऱ्याच वाचकांना नव्याने सांगावी लागते.

कोल्हापूरच्या महाराजांच्या छळाविषयी छापलेल्या मजकुरावरून संस्थानचे दिवाण बर्वे यांनी अब्रुनुकसानीचा दावा लावला. जुलै १८८२मध्ये टिळक आणि आगरकर या दोघांना चार महिन्यांची शिक्षा झाली. मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात त्यांनी १०१ दिवस काढले. एकाच कोठडीत हे दोन तरुण रात्री उशिरापर्यंत वाद घालीत. एकाचा भर स्वराज्यावर, तर दुसऱ्याचा समाजाच्या घडणीवर. या दिवसांची हकीकत आगरकरांनी पुढे स्वतंत्र पुस्तकात लिहिली. त्यात स्वतःच्या फजितीवर हसण्याची त्यांची वृत्ती दिसते. रडगाणे किंवा हौतात्म्याचा आव त्यात नाही.

१८८३मध्ये त्यांनी शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट'चे मराठी भाषांतर 'विकारविलसित' या नावाने प्रसिद्ध केले. भुताखेतांवर विश्वास नसलेल्या लेखकाने, ज्याच्या आरंभीच मृत राजाचे भूत रंगमंचावर येते असे नाटक निवडावे, याची गंमत वाटते. पण नाटकाला दिलेले नाव विचार करायला लावणारे आहे. विकारांचा खेळ, असा त्याचा अर्थ. सूड घ्यावा की न घ्यावा या द्विधेत सापडलेला राजपुत्र खरोखर स्वतंत्रपणे निर्णय घेतो की त्याच्या मनाचे विकारच त्याला नाचवतात? माणसाच्या इच्छेला स्वातंत्र्य आहे काय, हा जगभरच्या तत्त्वज्ञांना छळणारा प्रश्न या नाटकाच्या पोटात आहे. पुढे शाहूनगरवासी नाटक मंडळीचे नट गणपतराव जोशी यांनी यातील चंद्रसेनाची भूमिका गाजवली आणि पुस्तकी वाटणारा हा प्रश्न महाराष्ट्राच्या थिएटरांतून सामान्य प्रेक्षकांपर्यंत पोहोचला.

या प्रश्नाकडे आपल्या समाजाने दोन वाटांनी पाहिले होते. एक वाट दैवाची: सटवाईने कपाळी लिहिले ते टळत नाही. दुसरी कर्माची: मागल्या जन्मी केले ते या जन्मी भोगायचे. पुरोगामी युरोपातून तिसरी वाट आली होती. माणसाचा स्वभाव आनुवंशिकता, परिस्थिती आणि संगोपन यांनी घडतो, असे ती सांगत होती. वरवर पाहता हीही एक प्रकारची सटवाईच. कपाळाऐवजी परिस्थितीने लिहिले, एवढाच फरक. मिलने १८४३मध्ये लिहिलेल्या तर्कशास्त्रावरील ग्रंथात या कोंडीतून मार्ग काढला होता. स्वभाव परिस्थितीने घडतो हे खरे. परंतु आपला स्वभाव बदलावा ही माणसाची इच्छा हीसुद्धा त्या परिस्थितीचाच एक भाग असते. म्हणून बदलण्याचे दार पूर्ण बंद नसते.

मिलचा अभ्यास केलेल्या आगरकरांच्या पुढील सर्व लेखनामागे हीच धारणा उभी असल्याचे जाणवते. माणूस रूढीने घडतो, म्हणून रूढीची चिकित्सा करायची. मुलगी घरात कोंडल्याने दुबळी होते, म्हणून तिला शाळेत पाठवायचे. विधवेचे दुःख तिच्या कपाळातून येत नाही. ते न्हाव्याच्या वस्तऱ्यातून आणि सासरच्या अंधाऱ्या खोलीतून येते, आणि वस्तरा थांबवता येतो. दैव मानले की दोष कोणाचाच नसतो. परिस्थिती मानली की ती बदलण्याची जबाबदारी येऊन पडते.

'सुधारक'चा जन्म

१८८४मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि जानेवारी १८८५मध्ये फर्ग्युसन कॉलेज सुरू झाले. बाहेरून सगळे जुळलेले दिसत असले तरी आत मित्रांची वाट फुटत चालली होती. बालपणी लावलेले लग्न मान्य नसलेल्या रखमाबाईंचा खटला त्या वेळी देशभर गाजत होता. नवऱ्याच्या घरी जाण्याची सक्ती स्त्रीवर करता येईल का, या प्रश्नावर टिळक आणि आगरकर यांची मते उघडपणे वेगळी पडली. ऑक्टोबर १८८७मध्ये आगरकरांनी 'केसरी'चे संपादकपद सोडले. पुढच्याच वर्षी, १५ ऑक्टोबर १८८८ रोजी, त्यांचे स्वतःचे 'सुधारक' हे साप्ताहिक निघाले. त्याची इंग्रजी बाजू गोपाळ कृष्ण गोखले सांभाळीत. लोकांना आवडेल ते लिहिण्यापेक्षा हिताचे असेल ते लिहायचे आणि शक्य असेल ते करून दाखवायचे, हा बाणा त्यांनी आरंभीच जाहीर केला.

धर्मचिकित्सेत आगरकर त्यांच्या काळातील इतर सुधारकांच्या पुढे गेले. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर हे प्रार्थना समाजाचे. १८६७मध्ये स्थापन झालेल्या या समाजाने मूर्तिपूजा टाकली, पण एकेश्वरावरील श्रद्धा राखली. विधवाविवाहासाठी शास्त्रांत आधार शोधण्याची खटपट तेव्हाचे सुधारक करीत. महात्मा फुले यांनी ब्राह्मणी धर्मग्रंथांवर कडाडून हल्ला चढवला, पण निर्मिक मानला. आगरकरांनी शास्त्राधार शोधण्याची ही पद्धतच नाकारली. एखादी चाल न्याय्य असेल तर तिला श्रुतिस्मृतींच्या शिफारशीची गरज नाही आणि अन्याय्य असेल तर सगळ्या ऋषींनी मान डोलावूनही ती न्याय्य ठरत नाही, हा त्यांचा दंडक होता.

'देवतोत्पत्ति' या निबंधात त्यांनी देवाच्या कल्पनेचा उगम तपासला. आदिमानवाला पडणारी स्वप्ने, मृतांविषयीची भीती, निसर्गाचे न उलगडणारे चमत्कार यांतून भुते, पितर आणि मग देव कसे उभे राहिले, हे त्यांनी उलगडून दाखवले. देव खोटा आहे असा डांगोरा पिटण्यापेक्षा, देव माणसाच्या मनात कसा आला हे सांगणे श्रद्धेला अधिक अडचणीचे होते. प्रेतसंस्कार, सोवळेओवळे, केशवपन, बालविवाह अशा रोजच्या आचारांवरही त्यांनी असेच लिहिले. स्त्रियांनी जाकीट घालावे की नाही अशा विषयावर संपादकाने लिहावे, हे त्या वेळच्या विद्वानांना हास्यास्पद वाटले. आगरकरांना त्यात काही लहान वाटले नाही. कारण माणसाचे स्वातंत्र्य कपडे, जेवण, लग्न आणि मरण अशा जागीच हिरावून घेतले जाते.

प्रगतीची हमी कोणी दिली?

याच काळात नागपूरचे रूपही पालटत होते. १ जानेवारी १८७७ रोजी, व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याचा दरबार दिल्लीत भरला असताना, जमशेटजी टाटा यांची एम्प्रेस मिल आपल्या शहरात सुरू झाली. आजच्या गांधीसागराच्या म्हणजे तेव्हाच्या जुम्मा तलावाच्या परिसरात भोंगे वाजू लागले. हजारो हातांना काम मिळाले आणि आजूबाजूच्या पेठांत कापडाचा व्यवहार फोफावला. कोणालाही प्रगती म्हणून बोट दाखवता यावे असेच हे चित्र होते. मात्र भोंग्यावर कामाला जाणारा माणूस घरी परतला की दहा वर्षांच्या मुलीचे लग्न ठरवत होता आणि विहिरीवर जात विचारत होता. यंत्र आले म्हणून माणूस बदलतो, असे नाही. ती मिल आज बंद पडून इतिहासजमा झाली आहे. विहिरीवरचा तो प्रश्न मात्र वेगवेगळ्या वेषांत अजून भेटतो.

मानवजात काळाच्या ओघात आपोआप पुढे जाते, हा एकोणिसाव्या शतकाचा लाडका विश्वास होता. स्पेन्सर हा त्याचा मोठा पुरस्कर्ता. समाज हळूहळू उत्क्रांत होतो, सरकारने त्यात हात घालू नये, असे त्याचे मत होते. आगरकर स्पेन्सरचे अभ्यासक. तेव्हा त्यांनीही हात जोडून उत्क्रांतीची वाट पाहायला हवी होती. ही कसोटी १८९१मध्ये आली. संमतिवयाच्या विधेयकाने मुलीशी शरीरसंबंधाच्या संमतीचे किमान वय १० वरून १२ वर्षे करण्याचा प्रस्ताव होता. आदल्या वर्षी बंगालमध्ये फुलमणी नावाची कोवळी बालवधू पतीच्या शरीरसंबंधामुळे मरण पावली होती. परक्या सरकारने आमच्या धर्मात ढवळाढवळ करू नये, लोक शिकतील तसे सुधारतील, अशी भूमिका टिळकांनी घेतली आणि तिला प्रचंड पाठिंबा मिळाला.

आगरकर कायद्याच्या बाजूने उभे राहिले. समाज सुधारायला शंभर वर्षे लागणार असतील, तर त्या शंभर वर्षांत मरणाऱ्या मुलींनी कोणाकडे पाहायचे, हा त्यांच्या भूमिकेमागील साधा आणि कठोर प्रश्न होता. इथे त्यांनी आपल्या गुरुस्थानी असलेल्या पाश्चात्य विचारवंतालाही सोडले. वेदांना प्रमाण न मानणाऱ्याने स्पेन्सरला तरी वेद का मानावे? हिंदू समाजाचे पुढे काय होणार याविषयी ते निःशंक नव्हते. त्यांच्या एका निबंधाचे शीर्षकच या चिंतेचे आहे. शेकडो वर्षे एका जागी थिजलेला समाज पुढे जाईल किंवा नष्टही होईल. दोन्ही शक्यता त्यांना दिसत होत्या. प्रगती व्हावी असे त्यांना मनापासून वाटे. ती होईलच, याची हमी मात्र त्यांनी स्वतःला दिली नाही. म्हणूनच त्यांच्या लेखणीत घाई आहे.

त्यांच्या विचाराच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. त्यांचा वाचक प्रामुख्याने शिकलेला, पांढरपेशा, उच्चवर्णीय होता. शेतकरी आणि अस्पृश्य यांच्या दुःखाचा तळ फुल्यांनी जसा गाठला, तसा आगरकरांच्या लेखनात सापडत नाही. तर्काने पटवले की माणूस वागणूक बदलेल, हा त्यांचा भरवसाही कधी कधी जरा अधिकच वाटतो. सगळ्या श्रद्धांची झडती घेणाऱ्या या माणसाची बुद्धीवरील श्रद्धा तेवढी शाबूत राहिली.

जिवंतपणी निघालेली अंत्ययात्रा

या सगळ्याची किंमत त्यांना मोजावी लागली. पुण्यातील सनातन्यांनी त्यांची प्रतीकात्मक प्रेतयात्रा काढली आणि ती त्यांच्याच घरावरून नेली. आपल्या मरणाची मिरवणूक आगरकरांनी डोळ्यांनी पाहिली. अपशकुन मानणाऱ्याच्या काळजाचा ठोका चुकला असता. पुढच्या अंकाचे काम मात्र थांबले नाही.

त्यांच्या घरातील चित्र यापेक्षा वेगळे, आणि कदाचित अधिक महत्त्वाचे होते. यशोदाबाई श्रद्धाळू होत्या. देवपूजा, व्रते, सोवळे त्या पाळीत. महाराष्ट्रातील सर्वांत कडव्या बुद्धिवाद्याने आपल्या पत्नीच्या देव्हाऱ्याला कधी हात लावला नाही. जगाला सांगता आणि घरात चालवून घेता, असा टोमणा मारणारे तेव्हाही होते. पण पत्नीवर हुकूम चालवून तिला बुद्धिवादी करणे, म्हणजे जिच्याविरुद्ध ते लढत होते ती पुरुषी सत्ता दुसऱ्या नावाने घरात आणणे ठरले असते. ज्याला माणसाच्या स्वातंत्र्याची चाड आहे त्याने दुसऱ्याचे मत बदलण्यासाठी युक्तिवाद करावा, सक्ती करू नये. स्वतःच्या घरात हरण्याची तयारी ठेवून आगरकरांनी हे तत्त्व पाळले.

ऑगस्ट १८९२मध्ये वामन शिवराम आपटे यांचे निधन झाल्यावर आगरकर फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले. कॉलेजचे काम, 'सुधारक'चे लेखन आणि बळावत चाललेला दमा अशी तिहेरी ओढाताण सुरू होती. रात्रभर धाप लागलेली असे आणि सकाळी ते वर्गावर जात. १७ जून १८९५ रोजी, वयाच्या ३९व्या वर्षी, त्यांची प्राणज्योत मालवली. आपल्या अंत्यविधीपुरते पैसे त्यांनी पुडीत बांधून आधीच बाजूला ठेवले होते, असे त्यांच्या चरित्रात सांगितले जाते. आयुष्याच्या अखेरीला धर्माकडे वळण्याची अपेक्षा करणाऱ्यांना त्यांनी निराश केले. ज्यांच्याशी जन्मभराचे मैत्र तुटले होते, त्या टिळकांनी 'केसरी'त त्यांच्यावर मृत्युलेख लिहिला.

नागपुरात उरलेले आगरकर

आगरकरांचा पुतळा पाहून मान झुकवणे सोपे आहे. त्यांचा प्रश्न वागवणे अवघड. तो प्रश्न नागपूरने मात्र काही काळ चिवटपणे वागवला. तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक दि. य. देशपांडे यांनी १९९०मध्ये नागपुरातून 'आजचा सुधारक' हे मासिक सुरू केले. आगरकरांच्या पत्राचे नाव त्यांनी जाणीवपूर्वक घेतले. श्रद्धा, नीती, स्त्री-पुरुष समता, विवेकवाद या विषयांवर त्यात वर्षानुवर्षे वादविवाद झाले. खप थोडा आणि वाचक चोखंदळ, हे या दोन्ही सुधारकांचे सामायिक भागधेय होते. भागधेय हा शब्द अर्थातच दोघांनीही खोडून तिथे परिस्थिती असे लिहिले असते.

धर्माविषयी शंका घेणारा माणूस नीतीचा पाया खणतो, असे आजही सांगितले जाते. आगरकरांचे आयुष्य या समजुतीच्या उलट साक्ष देते. पुण्यसंचयासाठी चांगुलपणा करणाऱ्याला मोबदल्याची आशा असते. इतिहासाच्या ओघावर भरवसा ठेवणाऱ्याला काळ आपल्या बाजूने असल्याचा दिलासा असतो. आगरकरांपाशी यांपैकी काहीच नव्हते. वाट्याला आलेली थोडी वर्षे, दमलेली छाती आणि समोर दिसणारे दुसऱ्याचे दुःख, एवढ्या भांडवलावर त्यांनी व्यवहार केला.

संध्याकाळी गांधीबागेतील दुकाने बंद होऊ लागतात तेव्हा सकाळची लिंबू-मिरची उन्हाने सुकलेली असते. दिवसाच्या विक्रीचा आकडा वहीत मांडून होतो. त्या आकड्यात लिंबाचा वाटा किती आणि ओझी वाहणाऱ्या हमालाचा किती, हे मालकाला मनातल्या मनात ठाऊक असतेच. आगरकरांनी आयुष्यभर एवढेच मागितले की जे मनात ठाऊक आहे ते वहीतही मांडावे, आणि हमालाचा वाटा त्याच्या हाती द्यावा.